टेकडीची बदली आणि मागच्या चाकाची हवा

बेडकेवाडीच्या टेकडीची बदली तांबूळगावला झाली, तेव्हा गावात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. टेकडी एकाच जागी फार काळ राहिली होती. एकाच जागी फार काळ राहिलं की हितसंबंध तयार होतात असं सरकारचं मत आहे, आणि टेकडीचे तर झालेच होते. अर्ध्या गावाची सकाळ तिच्या आडोशाला उरकत असे, आणि संध्याकाळी तिची सावली सगळ्यांच्या आधी सरपंचांच्या अंगणात जाऊन पडत असे. तिकडे तांबूळगावात टेकडीचं पद कित्येक वर्षं रिकामं होतं. तिथल्या लोकांनी निवेदनं दिली, एकदा रस्ता अडवला, आणि शेवटी बेडकेवाडीची टेकडी उचलायचं ठरलं.

बदली रद्द करून आणायची एक पद्धत असते. मोठ्या डोंगरांना ती ठाऊक असते. त्यांच्यावर देवस्थानं असतात, देवस्थानांना विश्वस्त असतात आणि विश्वस्तांचे मेहुणे योग्य त्या खात्यात असतात. या टेकडीवर देऊळ नव्हतं. एक बोरीचं झुडूप, भरपूर कुसळं आणि हौसाबाई खिलारे एवढाच काय तो ऐवज. टेकडीसाठी शब्द टाकायला कुणी पुढे आलं नाही.

ती न्यायची कशी, हेही आदेशात होतं. अचल वस्तूंना बदलीच्या वेळी चतुर्थ श्रेणीचा प्रवास मंजूर आहे आणि चतुर्थ श्रेणीला दुचाकी. ट्रक करायचा तर निविदा काढावी लागली असती, आणि निविदा काढली असती तर टेकडी आणखी दोन पिढ्या जागची हलली नसती. म्हणून तालुक्याच्या कचेरीतले अव्वल कारकून डबीर साहेब जीपने गावात आले, पारावर बसले, चहा घेतला आणि गावात जड माल नेणारा मोटारसायकलवाला कोण आहे असं त्यांनी विचारलं. सगळ्यांनी एका तोंडाने महिपती खिलारेचं नाव सांगितलं.

ज्याच्याकडे काहीही न्यायला द्यावं असा एक माणूस प्रत्येक गावात असतो. महिपतीने आपल्या मोटारसायकलवरून कडबाकुट्टीचं मशीन नेलं होतं, लग्नाचा आख्खा मांडव नेला होता, आणि एकदा एक आजारी रेडा जनावरांच्या डॉक्टरकडे नेला होता. तो रेडा मागे बसून रस्ताभर येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत गेला होता. आजवर महिपतीचा एकही माल वाटेत पडला नव्हता, आणि ही गोष्ट तो स्वतः सांगत नसे. समोरचा माणूस सांगेपर्यंत तो वाट बघत असे.

त्याचं तत्त्वज्ञान सोपं होतं. मागच्या चाकात हवा बरोबर असावी आणि मागचे दोन्ही शॉकअप कडक असावेत, म्हणजे वर काय ठेवलंय ते गाडीला कळत नाही. शॉकअपच्या स्प्रिंगला खालच्या बाजूला पाच खाचा असतात. पहिल्या खाचेवर स्प्रिंग मऊ राहते, पाचवीवर दगड होते. महिपतीने गाडी घेतल्या दिवशी दोन्ही बाजू पाचवीवर नेऊन ठेवल्या आणि तो विषय संपवला. त्याच्या मागे बसणाऱ्या हौसाला मात्र प्रत्येक खड्डा कमरेत बसत असे. तिने पहिल्याच महिन्यात तसं सांगितलं होतं. त्यावर महिपती म्हणाला होता, "लोडसाठी कडक लागतं." या विषयावर नवरा-बायकोत पंधरा वर्षांत झालेलं संभाषण ते एवढंच.

आता हौसा टेकडीवर का राहत होती, ते सांगायला हवं. गेल्या हिवाळ्यात तिच्या भाचीचं लग्न होतं. महिपतीने गाडीवर गव्हाची दोन पोती, रुखवताची भांडी आणि आहेराचा उभा पंखा बांधला आणि उरलेल्या वीतभर जागेत हौसाला बसवलं. माळवाडीच्या चढाला लागल्यावर गाडीचं ढुंगण बसलं. मागचं चाक वर मडगार्डला घासायला लागलं आणि जळक्या रबराचा वास सुटला. महिपतीने गाडी थांबवली, मागे वळून मालाकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "हौसा, तू उतर जरा."

चूक म्हणाल तर एवढीच. पोतं उतरवता आलं असतं, पंखा उतरवता आला असता. पण पोतं सोडायचं म्हणजे सगळी बांधणी सोडायची, आणि बायकोची गाठ सोडावी लागत नाही, असा त्याने हिशोब केला. मालवाहू माणसाचा हिशोब म्हणून तो अगदी बरोबर होता. नेमक्या त्याच वेळी हौसाच्या माहेरची माणसं भरलेला टेम्पो शेजारून गेला. टेम्पोतल्यांनी बघितलं की गाडीवर पंखा बसलाय आणि हौसा चालतेय. माहेरची माणसं अशा वेळी बोलत नाहीत, ती लक्षात ठेवतात.

हौसा चालत लग्नाला गेली, पंगतीत वाढलं, विहिणींशी गोड बोलली आणि परतल्यावर तवा, घोंगडी आणि एक पातेलं घेऊन टेकडीवर गेली. तिथे तिने पाचटाची खोप घातली. लोकांनी विचारलं तेव्हा तिने एकच वाक्य सांगितलं. "पोती बसली, मला उतरवलं." गावातल्या बायकांना ते लगेच कळलं. पुरुषांना मात्र शॉकअपची बाजूही विचारात घ्यायला हवी असं वाटत होतं.

महिपती टेकडीवर एकदाही गेला नाही. त्याचं म्हणणं होतं की तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर होता. तांत्रिकदृष्ट्या बरोबर असलेला माणूस हाताने भाकऱ्या थापतो, त्या करपतात, आणि तरीही तो बरोबरच असतो. रात्री टेकडीवर चुलीचा जाळ दिसायचा. तो दिसेनासा झाला की महिपती कूस बदलून झोपायचा. त्याला तिची फार आठवण येत होती, पण ती कुणाला सांगायची म्हणजे आधी पंख्याचा विषय निघाला असता.

अशा माणसाला डबीर साहेबांनी टेकडी न्यायला सांगितली. म्हणजे टेकडी गेली की हौसाही गेली, आणि तीही तालुक्याबाहेर. पारावरच्या लोकांनी त्याला समजावलं की दोर पडले की बाई आपोआप खाली येईल. आदेशात हौसाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे डबीर साहेबांच्या लेखी ती टेकडीवर नव्हतीच. महिपतीने नाही म्हटलं असतं तर तांबूळगावहून दुसरा कुणी आला असता, आणि तिकडची माणसं टायर फुटेस्तोवर हवा भरतात असा त्यांचा लौकिक होता. महिपती रात्रभर विचार करत पडला. हौसा उतरली तर घरी येईल. नाही उतरली तर निदान चाकातली हवा तरी आपल्या हातची असेल. सकाळी त्याने होकार कळवला.

मग हवेचा प्रश्न निघाला. दस्तगीर मिस्त्रीच्या पंक्चरच्या दुकानापुढे सगळा गाव गोळा झाला. ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या सायकलीत हवा भरली नव्हती, त्यांनाही टेकडीसाठी किती हवा लागते हे पाठ होतं. कुणी चाळीस म्हणालं, कुणी पन्नास. सरपंच साठ म्हणाले, कारण ते सरपंच होते. दस्तगीर मिस्त्री स्वतः पाच मिनिटांत तीन वेगवेगळे आकडे बोलला आणि तिन्ही आपलेच असल्याचं त्याने मान्य केलं. एका निवृत्त गुरुजींनी टेकडीची घनता विचारली, तेव्हा त्यांना बसायला स्टूल देण्यात आलं.

शेवटी महिपतीने सगळ्यांना गाडीच्या चेनकव्हरवरचं लेबल दाखवलं. त्यावर मागच्या चाकासाठी दोनच ओळी होत्या. चालक एकटा असल्यास अठ्ठावीस, मागे सहप्रवासी असल्यास छत्तीस. टेकडीची ओळ नव्हती. म्हणजे टेकडी सहप्रवासी आहे की सामान, हे ठरल्याशिवाय पंपाला हात लावता येत नव्हता, आणि घोडं तिथेच अडलं.

डबीर साहेबांना हा मुद्दा फार आवडला. ते तालुक्याला गेले, वाहतूक खात्याचा अभिप्राय घेतला आणि परत येऊन पारावर तो वाचून दाखवला. जो चालकाच्या मागे बसतो तो सहप्रवासी. टेकडी चालकाच्या मागे बसणार आहे. सबब टेकडी सहप्रवासी आहे, हवा छत्तीस भरावी, आणि सहप्रवाशाला हेल्मेट सक्तीचं असल्याने टेकडीने हेल्मेट घालावं.

"कुठल्या साइजचं?" सरपंचांनी विचारलं.

डबीर साहेबांनी एक डोळा मिटून टेकडीकडे बघितलं. "माथा तसा निमुळता आहे," ते म्हणाले. "मीडियम बसेल."

ग्रामपंचायतीने तांबड्या रंगाचं एक मीडियम हेल्मेट विकत घेतलं. ते टेकडीच्या माथ्यावर बसवायचं काम बाळनाथ कोतवालाकडे आलं. गावात जे काम कुणाचंच नसतं ते कोतवालाचं असतं. बाळनाथ हेल्मेट घेऊन वर गेला, बऱ्याच वेळाने ओठांवरचा गूळ पुसत खाली आला आणि म्हणाला की बसलं. पट्टा लावला का असं डबीर साहेबांनी विचारलं, तर तो लावलाय म्हणाला. आणखी कुणी काही विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलणं ही कोतवालकीची रीत नव्हे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी महिपती टेकडीच्या पायथ्याशी गेला. वर जायचा त्याचा विचार होता, पण पहिल्या धोंड्यापाशीच त्याचा विचार संपला. तिथूनच त्याने हाक मारली आणि टेकडी उद्या जाणार असल्याचं सांगितलं.

"जाऊ दे की," वरून उत्तर आलं.

"आन् तू?"

"म्या कुणाच्या गाडीवर बसत न्हाई," हौसा म्हणाली.

महिपतीला हायसं वाटलं. गाडीवर बसणार नाही म्हणजे खाली उतरणार, असा त्याने अर्थ घेतला. तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण समेट व्हावा म्हणून त्याने त्या दिवशी शॉकअप किती बसला होता ते खालून पुन्हा समजावून सांगितलं. तो बोलत असतानाच खोपीचं दार लागल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर येताच टेकडी चढवली. एका बाजूने तालमीतली पोरं लागली, दुसऱ्या बाजूने पहारी लागल्या, आणि दोनदा हय्या झाल्यावर ती जागची सुटून कॅरियरवर आली. महिपतीने ती नेहमीप्रमाणे ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळली. सुतळी तुटते, दोर सैल पडतो, ट्यूबची पट्टी मालाबरोबर श्वास घेते, असं तो म्हणत असे. मग दस्तगीर मिस्त्रीने मागचं चाक आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत हात घातला. या भागात लोड बरोबर आहे का ते असंच बघतात. माल चढल्यावर फटीत दोन बोटं आडवी गेली पाहिजेत. एकच गेलं तर पुढच्या गावापर्यंत जाता येतं, एकही गेलं नाही तर काहीतरी उतरवावं लागतं.

मिस्त्रीची दोन बोटं कशीबशी गेली. त्याने हवा बरोबर छत्तीस भरली आणि वर आपल्याकडून एक जादा मारली. महिपतीने डोक्यात हेल्मेट घातलं, वर माथ्यावरचं तांबडं हेल्मेट बघून घेतलं आणि गर्दीवर नजर फिरवली. पार मागे, बायकांच्या घोळक्यात, त्याला हिरवं लुगडं दिसलं. हौसाचं होतं तसंच. ती उतरली म्हणून त्याचा जीव भांड्यात पडला, आणि उतरूनही समोर आली नाही म्हणून त्याला रागही आला. हिरवी लुगडी गावात सतरा होती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याने किक मारली.

पहिला टप्पा झकास गेला. टेकडी गाडीवर शांत बसली होती. रेड्यापेक्षा ती नक्कीच शहाणी होती. मागून डबीर साहेबांची जीप आणि तिच्यामागे गावातल्या चाळीसेक मोटारसायकली येत होत्या. माल पडताना बघायला माणसं लांबून येतात, आणि ही तर घरची होती. महिपतीला वाटेत एकदोनदा भाकरी भाजल्याचा वास आला, पण उपाशीपोटी निघाल्यामुळे येत असेल, असं त्याने धरलं.

माळवाडीच्या चढाला गाडीचं ढुंगण बसलं. मागचं चाक मडगार्डला घासायला लागलं आणि जळक्या रबराचा वास सुटला.

महिपतीने गाडी थांबवली. दस्तगीर मिस्त्री उतरून आला आणि त्याने फटीत हात घातला. एकही बोट जाईना. तो शॉकअपपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला की टेकडीचं वजन हवेत बरोबर धरलंय, त्यात चूक नाही, पण सपाटीला लपलं ते चढाला उघडं पडलं. गाडीवर टेकडी सोडून आणखी एक माणूस आहे. एका माणसाचाच फरक आहे, कमी नाही की जास्त नाही.

तेव्हा माथ्यावरचं तांबडं हेल्मेट हललं आणि खाली बघायला लागलं. हेल्मेटाखाली हौसा होती.

चाळीस मोटारसायकली एकेक करून बंद झाल्या. डबीर साहेब जीपमधून उतरले. त्यांनी वर बघितलं, बोटांवर मोजलं आणि वस्तुस्थिती मांडली. चालक एक, सहप्रवासी टेकडी एक, ही बाई तिसरी. याला ट्रिपल सीट म्हणतात आणि त्याला परवानगी नाही. शिवाय सहप्रवाशाचं हेल्मेट तिसऱ्याच इसमाने घातलेलं आहे. टेकडीला आदेश आहे, त्यामुळे ती उतरवता येत नाही.

"तेव्हा खिलारे, बाईंना उतरायला सांगा," ते म्हणाले. "साधी गोष्ट आहे."

"गाडीवर बसत न्हाई म्हनालीस न्हवं?" महिपतीने वर बघून विचारलं.

"म्या गाडीवर कुठं बसलेय? म्या माझ्या जागंवर बसलेय. जागा तुमी गाडीवर ठेवली."

यात खोट काढायला जागा नव्हती. डबीर साहेबांनीही मान हलवली.

"आता बोला की," हौसा म्हणाली. "मागल्या टायमाला टेम्पोभर मानसं हुती. आता गाव हाय. उतर म्हना. उतरते म्या, आन् इथनं सरळ माह्यारी जाते. परत काय तुमच्या शॉकअपला तरास न्हाई."

ती रागाने बोलली असती तर महिपतीला सोपं गेलं असतं. ती बाजारात भाव सांगावा तशी बोलली. सगळा गाव त्याच्याकडे बघत होता, आणि सगळ्या गावाला उत्तर माहीत होतं. त्यालाही होतं. 'उतर' हा शब्द त्याच्या जिभेवर तयारच असे, कारण आयुष्यभर त्याने तोच हिशोब केला होता. फट बसली की सगळ्यात कमी खटपटीत जे उतरतं ते उतरवायचं. त्याने मागे वळून मालाकडे एक नजर टाकली. टेकडी उतरवता येत नव्हती. हौसाला उतरवलं तर ती कायमची उतरणार होती. मग त्याची नजर टाकीवर आली, हँडलवर आली, आणि हँडलवर ठेवलेल्या स्वतःच्या दोन हातांवर आली. इतक्या वर्षांत या एका लोडाकडे त्याचं कधी लक्ष गेलं नव्हतं.

"म्या उतरतो," महिपती म्हणाला आणि उतरला.

शॉकअप वर आले. दस्तगीर मिस्त्रीने फटीत हात घातला. दोन बोटं गेली.

डबीर साहेबांना यात नियमबाह्य असं काही आढळलं नाही. त्यांनी फक्त आता गाडी कोण चालवणार एवढं विचारलं. तोवर हौसा बोरीच्या झुडपाला वळसा घालून, शेळ्यांच्या पायवाटेने टेकडी उतरून थेट सीटवर येऊन बसली होती. लायसन्स असल्याचं तिने सांगितलं. ग्रामपंचायतीत महिलांचं शिबिर झालं होतं तेव्हा तिने काढलं होतं, आणि घरात कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नव्हतं. चालवायला कुठे शिकलात या प्रश्नावर ती म्हणाली की पंधरा वर्षं या माणसाच्या खांद्यावरून हँडलच बघत आलेय, दुसरं काही दिसतच नव्हतं.

उरला हेल्मेटचा प्रश्न. तांबडं हेल्मेट आता चालकाच्या डोक्यावर होतं आणि टेकडी बोडकी झाली होती. महिपतीने आपलं हेल्मेट काढलं आणि तो टेकडी चढायला लागला. गावात असताना जी टेकडी त्याला चढवली नव्हती, ती गाडीवर असताना तो चढला. वर खोप होती, चूल होती, तव्यावर नुकतीच भाजलेली भाकरी होती. कडेला एके ठिकाणचं गवत रोज बसून दबलं होतं. महिपती तिथे बसून बघायला लागला. टेकडी जागेवर असताना इथून नेमकं काय दिसत असेल, त्याचा त्याने अंदाज घेतला. त्याच्या घराचं अंगण दिसत असणार, आणि रोज सकाळी गाडीवर माल बांधणारा तो. त्याला लाज वाटली. खालून डबीर साहेब ओरडले की लवकर उतरा, टायर बसतंय. महिपतीने हेल्मेट धोंड्यावर बसवलं, पट्टा बोरीला बांधला आणि तो खाली आला.

तिथून तांबूळगावपर्यंत तो गाडीच्या मागे चालत गेला. आपली गाडी मागून कशी दिसते, ते त्याने आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं. प्रत्येक खड्ड्याला चाक आधी आपटायचं, मग पाचव्या खाचेवरची ती स्प्रिंग जराही न दबता सगळा दणका वर पाठवायची. टेकडीवरचे दगड जागचे उडत होते. महिपती ते बघत चालला होता. शेजारून जीपमधून जाणाऱ्या दस्तगीर मिस्त्रीने बोलणं काढायचा प्रयत्न केला, पण महिपतीची नजर त्या स्प्रिंगवरून हलली नाही.

टेकडी दुपार टळल्यावर पोहोचल्यामुळे डबीर साहेबांनी ती मध्यान्होत्तर रुजू झाल्याचं नोंदवलं आणि तिची अर्ध्या दिवसाची रजा कापली. तांबूळगावकरांनी हार घातला, नारळ फोडला आणि मग टेकडी सांगितली होती त्याहून लहान असल्याची तक्रार केली. बेडकेवाडीच्या रिकाम्या पदाचं काय, असं सरपंचांनी विचारलं. नवीन नेमणूक होईपर्यंत टेकडीचा अतिरिक्त कार्यभार गावच्या उकिरड्याकडे देण्यात आला आहे, असं उत्तर मिळालं. उंचीच्या मानाने तो ज्येष्ठताक्रमात दुसरा होता. सरपंचांची हरकत नव्हती.

माल उतरल्यावर हौसा टेकडीवर गेली. महिपती खाली उभा राहिला. ती तिथेच राहते की काय, अशी त्याला भीती वाटत होती. थोड्या वेळाने ती तवा, पातेलं आणि घोंगडी घेऊन खाली आली आणि तिने ते सगळं हँडलला अडकवलं. महिपतीला रडू आल्यासारखं झालं, पण तांबूळगावची माणसं बघत होती.

त्याने खिशातून पाना काढला आणि तो मागच्या चाकापाशी बसला. शॉकअप पहिल्या खाचेवर आणायचे आणि चाकातली एक जादा हवा काढून बरोबर छत्तीस ठेवायची, असं त्याच्या मनात होतं. दोघांसाठी तेवढी पुरे असते, लेबलवरच लिहिलंय.

"राहू द्या ते," हौसा म्हणाली आणि तिने किक मारली. "बसा मागं."

महिपती मागे बसला. कुठे धरायचं ते त्याला कळेना, म्हणून त्याने कॅरियरची कडी धरली. टेकडी नसल्यामुळे गाडी हलकी झाली होती आणि पाचव्या खाचेवरची स्प्रिंग दगडासारखी होती. पहिला खड्डा त्याच्या कमरेतून निघून दातांत आला. दुसऱ्याला तो सीटवरून सुटून पुन्हा सीटवर पडला. माळवाडीच्या उताराला लागेपर्यंत त्याने कसाबसा धीर धरला आणि मग शॉकअप जरा मऊ करू या का, असं हलक्या आवाजात विचारलं.

"लोडसाठी कडक लागतं," हौसा म्हणाली.

"लोड तर उतरवला की तांबूळगावला."

"तुमी हायसा न्हवं," हौसा म्हणाली, आणि तिने पुढचा खड्डा चुकवला नाही.